बंदुकीला रानाचा रंग

चौतीस वर्षे मी चित्रकलेचा मास्तर होतो. एवढ्या काळात लोकांनी माझ्याकडून काय काय रंगवून घेतले, त्याची गणती नाही. गणपतीचे मखर, स्नेहसंमेलनाचे पडदे, गल्लीतल्या क्रिकेट संघाचा फलक, एका शेजाऱ्याच्या लेकीच्या लग्नातले पाट. पण रायफल रंगवून द्या, असे कोणी म्हणाले नव्हते. निवृत्तीनंतर तेही झाले, आणि तेही सासुरवाडीकडून! सासुरवाडीच्या कामाला नाही म्हणता येत नाही, हे वाचकांना मी सांगायला नको.

आमचे मेहुणे डहाणूला असतात. चिकूची वाडी, थोडी नारळाची झाडे, आणि आत तलासरीच्या अंगाला भाताची दोन खाचरे. ही रायफल त्यांच्या वडिलांची. सरकारच्या ईशापूरच्या कारखान्यातली, तीनशे पंधरा बोरची. माझे सासरे हयात होते तेव्हा डहाणूच्या मागच्या डोंगरांत दाट रान होते आणि शिकार हा प्रतिष्ठित गृहस्थाचा छंद समजला जाई. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, पुढे १९९१ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला, आणि छंदाची शिकार संपली. ती संपली ते उत्तम झाले, असे माझे मत. बंदूक मात्र राहिली. परवाना मुलाच्या नावावर झाला. आता ती वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर निघते, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल घेते आणि पुन्हा कपाटात जाते. निवडणूक लागली की तिची पोलीस ठाण्यात रवानगी होते, ती निकालानंतर परत येते. मेहुणे म्हणतात, "भाऊजी, माझ्यापेक्षा ती ठाण्यातच जास्त ओळखीची आहे."

त्या दसऱ्याला मात्र ती पूजेनंतर कपाटात गेली नाही. भात पिवळे पडत आले होते आणि रानडुकरांनी एका रात्रीत खाचराचा एक कोपरा असा लोळवला होता की जणू कोणी रूळ फिरवला असावा. डुक्कर नुसते खात नाही. खाते त्याच्या चौपट तुडवते. मेहुण्यांनी वनखात्याकडे रीतसर अर्ज केला होता. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कायद्यात आहे, पण ती अधिकाऱ्याने लेखी द्यावी लागते. आपण आपली घेता येत नाही. उत्तर यायचे होते. ते येईपर्यंत बंदूक तयार ठेवावी, एवढाच त्यांचा विचार.

तिथे आमचे भाचे मध्ये पडले. हा मुंबईला इंजिनियरिंग शिकतो. परदेशातले शिकारी आपल्या बंदुका पानापानांच्या नक्षीने रंगवतात, हे त्याने कुठेतरी पाहिले होते. "काका, तुम्ही आर्टिस्ट. आपण घरीच करू. दोनशे रुपयांचा रंग, एक रविवार!" मेहुण्यांना कल्पना आवडली. सासूबाईंना मुळीच आवडली नाही. "ह्यांच्या बंदुकीला रंग फासणार? मग ह्यांच्या फोटोलाही फासा," असे म्हणून त्या आत गेल्या. नव्वदीच्या घरातल्या बाईचा शब्द मोडायचा कसा? शेवटी तह झाला. दस्त्याच्या शिसवी लाकडाला रंगाचा थेंब लागू द्यायचा नाही. लाकडावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची आणि रंग द्यायचा तो त्या पट्टीला. लोखंडाला काय हवे ते करा. हा तह पुढे किती उपयोगी पडला, ते यथाकाळ येईलच.

रंगाआधी कायदा. बंदूक ज्याच्या नावावर तोच तिचा धनी; मी तिला हात लावायचा नाही, हे मी पहिल्यांदाच ठरवून टाकले. बंदूक मेहुण्यांच्या हातात, ब्रश माझ्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक बंदुकीवर कारखान्याचे नाव आणि नंबर कोरलेला असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात आठवे कलम खास त्यासाठी आहे: हा नंबर पुसणे, बदलणे, खोटा घालणे हा गुन्हा. रंगाच्या तीन थरांखाली नंबर बुजला आणि ठाण्यात तो वाचता आला नाही, तर "आम्ही कलेसाठी केले" असे सांगून कोण ऐकणार? तेव्हा नंबरावर कागदी चिकटपट्टी पहिली बसली.

आता हा लपण्याचा रंग म्हणजे आहे तरी काय? आपल्याकडचा त्याचा पहिला धडा म्हणजे खाकी. खाक म्हणजे धूळ, माती. हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४६ साली पेशावरकडे गाइड नावाची पलटण उभी केली आणि तिच्या अंगावर लाल डगल्याऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे चढवले. त्या मुलखात लाल डगला म्हणजे डोंगरावरून नेम धरणाऱ्याला आमंत्रणच होते. पुढे साऱ्या इंग्रजी फौजेने खाकी घेतली, आणि आपल्या पोलिसाच्या अंगावर ती आजही आहे. गंमत एवढीच, की लपण्यासाठी निघालेला हा रंग आपल्याकडे दुरूनच ओळखू येतो आणि फेरीवाला टोपली उचलतो.

खाकी एकरंगी. रंगांचे तुकडे पाडून आकार मोडायचा, ही युक्ती चित्रकारांची. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्याने चित्रकारांची एक तुकडीच उभी केली. दिवाणखान्यांसाठी प्रतिष्ठितांची चित्रे काढणारे हात तोफा रंगवू लागले. त्यांच्याही आधी अमेरिकेतल्या ॲबट थेयर या चित्रकाराने एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. उजेड वरून येतो. म्हणून कुठल्याही वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी दिसते, आणि त्यावरूनच डोळ्याला तिची गोलाई कळते. निसर्ग नेमके उलटे करतो: हरणाची पाठ गडद, पोट पांढरे. उजेड आणि रंग एकमेकांना खाऊन टाकतात, आणि जनावर चपटे होऊन मागच्या झाडीत विरते. शाळेत चेंडूला छाया देताना मी मुलांना जे शिकवले, ते उलटे केले की लपणे साधते!

ह्यू कॉट नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने तर हे तोफेवरच करून दाखवले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रेल्वेच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन मोठ्या तोफा घेतल्या. एक नेहमीच्या लष्करी पद्धतीने रंगवलेली, दुसरी कॉटने, वर गडद खाली फिका हा नियम धरून. विमानातून फोटो घेतले. पहिली तोफ फोटोत स्पष्ट दिसली. दुसरी शोधूनही चटकन सापडेना. एवढे होऊनही लष्कराने ती पद्धत सरसकट उचलली नाही. कचेऱ्यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

हे सगळे मी भाच्याला सांगितले, आणि मग आम्ही रंग आणायला तलासरीला निघालो. सोबत वाडीचा राखणदार होता. सत्तरीचा वारली म्हातारा, उधव्याकडचा. घरात त्याला सगळे बाबा म्हणतात. त्याला लेकीकडे जायचे होते, आम्हांला बाजारात.

वाटेत मी रान पाहत होतो, नेहमीसारखे नव्हे, रंगारी जसा भिंत पाहतो तसे. डहाणू-तलासरीच्या रानाला एक रंग नाही. श्रावणात गेलात तर सगळे एका हिरव्यात बुडालेले. दसरा सरला की गवताची टोके पिवळी होतात, दिवाळीनंतर डोंगराच्या उतारांना सिंहाच्या आयाळीचा रंग येतो. माघ-फाल्गुनात साग उघडा पडतो, त्याची मोठाली पाने जमिनीवर तपकिरी कुरकुरीत होऊन पसरतात आणि पळस पेटतो. मग उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात, आणि खाचराखाचरांतून काळे चौकोन उमटतात. आषाढात रंगवलेली हिरवी बंदूक फाल्गुनात तिथे नेली, तर ती लपायची सोडून ओरडेल. बाजारात तयार मिळणाऱ्या नक्षीत तर परमुलखातल्या ओकची पाने असतात. आमच्या ऐनाला आणि मोहाला त्यांची ओळख कशी पटावी?

दुकानदाराने काय रंगवायचे आहे ते विचारले. भाच्याने "पाईप" म्हणून सांगितले. नळीला पाईप म्हणणे अगदीच खोटे नव्हे. चकाकणारे ऑईल पेंट त्याने समोर मांडले. मी ते सगळे परत ठेवायला लावले. इथे माझा शाळेचा अनुभव कामी आला. चमक हीच मुख्य वैरीण. पॉलिश केलेली नळी उन्हात आरशासारखी चमकते. रंग चुकला तर चालेल, चमक चालायची नाही. न चमकणारा काळा म्हणजे शाळेतल्या फळ्याचा काळा. न चमकणारा तांबूस म्हणजे ग्रिलला पहिल्या हाताला देतात तो रेडऑक्साइड. गवताचा पिवळा मात्र तयार मिळत नाही. तो मी पांढऱ्या प्रायमरमध्ये पिवळ्या स्टेनरचे थेंब आणि चिमूटभर काळा मिसळून करायचे ठरवले. तीन लहान डबे, टर्पेंटाईन, पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि अंघोळीचा एक स्पंज.

बाबाच्या लेकीच्या घरी चहा झाला. घर कुडाचे, भिंत गेरूने सारवलेली, आणि तिच्यावर उन्हाळ्यात झालेल्या लग्नाचा चौक अजून होता, थोडा पुसट झालेला. तांदळाच्या पिठाचा पांढरा, बांबूची काडी ठेचून केलेली कुंचली. हा चौक लग्नघरी सुवासिनी काढतात; मधल्या चौकटीत पालघाट देवी, भोवती झाडे, जनावरे, माणसे. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी ही चित्रे प्रदर्शनांतून पुष्कळदा पाहिली आहेत. पण त्या दिवशी डोक्यात लपण्याचे रंग होते म्हणून एक गोष्ट प्रथमच जाणवली. तांबड्यावर पांढरे! याहून ठळक दुसरे काही नाही. अंधाऱ्या घरात, चुलीच्या उजेडातसुद्धा दिसावे म्हणून ती चित्रे. रानात राहणाऱ्या माणसांनी स्वतःला काढले ते दिसेल असे.

लेकीचा मुलगा विकण्यासाठी कागदावर चित्रे काढतो. त्याने एक दाखवले. तारपा वाजतो आहे, नाच चालला आहे, कोपऱ्यात दोघे तीरकामठा घेऊन सशामागे. वरच्या अंगाला मात्र दोन माणसे वेगळी. डोक्यावर टोपी आणि खांद्यावर आडवी रेघ.

"हे कोण?" मी विचारले.

"एक शेट, एक पोलीस," पोराने सांगितले.

"आणि हातात?"

"बंदूक. बाकी कोनाच्या हातात नाय ना."

मी पुढे काही विचारले नाही. या मुलखात वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात पाच माणसे गेली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सारे लिहून ठेवले आहे. बाबाचा जन्म त्यानंतरचा. पण बंदूक कोणाच्या खांद्यावर असते, हे इथल्या लहान पोरालाही चित्रात घालता येते, ते काही उगाच नव्हे.

रविवारी काम सुरू झाले. मेहुण्यांनी काडतुसे कपाटात कुलूपबंद केली, बोल्ट काढून वेगळ्या खोलीत ठेवला आणि नळी उजेडाकडे धरून रिकामी असल्याचे दोनदा पाहिले. मग नळीवरचे तेल टर्पेंटाईनने पुसून काढले. तेलावर रंग धरत नाही, आणि गंजावर धरला तरी गंज आत आपले काम करतच राहतो. डहाणूच्या खाऱ्या हवेने दोन ठिकाणी लोखंडाला तांबूस पुटकुळ्या आणल्या होत्या. त्या पॉलिश पेपरने घासून साफ केल्या. खरे सांगायचे तर रंगाचा निर्विवाद फायदा मला हा एकच दिसला. समुद्रकाठच्या लोखंडाला रंग हवाच. मग ते खिडकीचे गज असोत की रायफल.

चिकटपट्टी कुठे कुठे लावली ते सांगतो, कारण घाईत लोक हेच विसरतात. नळीच्या तोंडावर, नेम धरायच्या माशीवर, चापावर, बोल्ट जिथे सरकतो त्या सगळ्या खाचेवर, आणि नंबरावर, जो आधीच झाकला होता. हलणाऱ्या भागात रंगाचा कण गेला तर बंदूक अडते, आणि अडलेली बंदूक भरलेल्या बंदुकीइतकीच धोक्याची.

पहिला हात गवताच्या पिवळ्याचा. अगदी पातळ. भाच्याला एका हातात जाड थर द्यायचा होता. मी त्याला सांगितले, तीन पातळ थर मुंबईच्या पावसात टिकतात, एक जाड थर दिवाळीपर्यंतही टिकत नाही. समुद्राकाठी रंग वाळायला वेळ लागतो. पहिला हात वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी रेडऑक्साइड. इथे एक खुबी आहे. ठिपके काढायचे नाहीत. हौशी माणूस लगेच बिबट्यासारखे ठिपके काढतो, आणि दहा पावलांवरून ते ठिपके एकमेकांत मिसळून नळी पुन्हा सरळ नळीच दिसते. रानात सरळ रेघ कुठेच नसते; म्हणून डोळा ती आधी टिपतो. ती रेघच मोडायची. मोठे, वेडेवाकडे पट्टे नळीच्या कडेवरून आडवे पलीकडे न्यायचे, म्हणजे कड जागोजाग तुटते. वाघाच्या अंगावरचे पट्टे हेच करतात.

तिसऱ्या दिवशी काळा, तोही फार थोडा. बांबूची पाने आणि गवताची पाती नळीवर आडवीतिडवी ठेवली, भाच्याने ती दोऱ्याने बांधली, आणि मी जवळजवळ कोरड्या स्पंजाने वरून टिपत गेलो. पाने उचलली तशी खाली पिवळ्या पात्यांची जाळी उमटली. एका बाजूला मच्छरदाणीचा तुकडा लावून टिपले, तिथे बारीक खवले उठले. सगळ्यात शेवटी थेयरसाहेबांचा नियम: नळीच्या वरच्या अंगाला थोडा गडद हात, खालच्या पोटाला पिवळ्यात पांढरे मिसळून फिका. धोतराची पट्टीही अशीच रंगवून दस्त्यावर गुंडाळली. सासूबाई दारातून पाहत होत्या. "धोतर तरी ओळखू येतंय का ह्यांचं?" एवढेच बोलल्या.

परीक्षा संध्याकाळी झाली. खाचराच्या बांधावर वाळलेले गवत आणि ऐनाचा पाचोळा होता, त्यात मेहुण्यांनी रिकामी रायफल टेकवून ठेवली आणि दोन हातांवर उभे राहिले. आम्ही चाळीस पावलांवरून पाहिले. खोटे कशाला बोलू, मला माझ्या कामाचा अभिमान वाटला! कुठे ठेवली ते माहीत असूनही नजर दोनदा घसरली. भाच्याने टाळ्या वाजवल्या आणि बाबाला विचारले, "बाबा, दिसते का बंदूक?"

बाबा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "नाय दिसत."

"मग? झकास ना?"

"डुकराला कवा दिसत होती? डुक्कर नाकानं बघतो. वारा तिकडं गेला का त्यो पळाला, तुमी रंगवा नायतर नका रंगवू." आणि मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "मास्तर, रातचा मी त्या माळ्यावर असतो. खाली पोरं असतात पत्रे वाजवाया. शेट कुटं हाय, बंदूक कुटं हाय, ते आमाला दिसाया पायजे. डुकराला नाय दिसला तरी चालल."

पाच मिनिटे कोणी बोलले नाही.

घरी येऊन मी आणि भाचा शोधाला लागलो. म्हाताऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डुकराचे डोळे अधू, नाक अजब. शिवाय माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या, डुकराच्या आणि हरणाच्या डोळ्यात दोनच. तांबडा, नारिंगी आणि हिरवा यांतला भेद त्यांना फारसा कळत नाही. आपल्याला पेटल्यासारखा दिसणारा नारिंगी त्यांना पाचोळ्यात पाचोळा. वाघाचा भगवा हरणाला हिरवट दिसतो, म्हणून तर वाघाचे चालते! अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत शिकाऱ्याने झगझगीत नारिंगी जाकीट घातलेच पाहिजे असा कायदा आहे, तो याच आधारावर. जनावराला दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मैलावरून दिसते.

म्हणजे आम्ही तीन दिवस खपून बंदूक लपवली ती कोणापासून? डुकरापासून नव्हे. माळ्यावरच्या म्हाताऱ्यापासून आणि पत्रे वाजवणाऱ्या पोरांपासून.

आणि ही काही कागदावरची भीती नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर, याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. टोळीतल्या एकाला झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून त्याने गोळी घातली. तो त्यांच्यातलाच एक माणूस होता. बाकीचे इतके घाबरले की त्यांनी प्रेत झाडीत दडवले, आणि पोलिसांना सगळे कळायला काही दिवस गेले. वर्तमानपत्रांत ते आले तेव्हा आपण सर्वांनीच वाचले असेल आणि पान उलटले असेल. मेहुण्यांनी पान उलटले नव्हते. मनोर इथून दूर नाही. बातमी आठवल्यावर ते उठले, कपाटाचे कुलूप लागले आहे का ते पाहून आले.

आता प्रश्न आला, पुढे काय? लोखंडाचा रंग खरवडायचा का? मी म्हटले, राहू द्या. गंजापासून तो राखेल. दस्ता मात्र आपल्या हातात आहे. सासूबाईंच्या तहामुळे तिथला रंग लाकडावर नव्हता, धोतरावर होता. धोतराची पट्टी सोडली आणि तिच्या जागी नारिंगी कापड गुंडाळायचे ठरले. ते कापड तलासरीतच मिळाले. महामार्गावर आणि बुलेट ट्रेनच्या कामावर हजारो मजूर नारिंगी जाकिटे घालून राबत असतात, तेव्हा बाजारात जाकिटांना तोटा नाही. भाच्याने सहा घेतली: एक मेहुण्यांना, एक बाबाला, चार पोरांना. सातवे फाडून त्याची पट्टी दस्त्यावर चढवली. तपकिरी नळी आणि नारिंगी दस्ता, हे रंगसंगतीच्या दृष्टीने भयंकर दिसते. माझ्या वर्गात कोणी असे काढले असते तर मी दहापैकी तीन गुण दिले असते.

बाबाने जाकीट रात्रीपुरते ठेवले नाही. तो ते घालून बाजाराला जातो, आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेलाही घालून गेला. गर्दीत हरवत नाही, म्हणतो. डुकरे अजून येतात. परवानगी आली तेव्हा भात घरात आले होते. पत्र्यांचे आवाज आणि वाऱ्यावर धरलेल्या मिरच्यांच्या धुराने त्या हंगामात बरेच काम झाले. रायफल झाडावी लागली नाही.

पुढे निवडणूक लागली आणि रिवाजाप्रमाणे ती ठाण्यात जमा करायची वेळ आली. हवालदाराने ती वळवून वळवून पाहिली. नंबर परवान्याशी ताडला. नंबर स्वच्छ वाचता येत होता. मग बोट दस्त्यावर ठेवले.

"शेट, हे भगवं काय बांधलंय? आचारसंहिता लागलीय, ठाऊक आहे ना?"

मेहुण्यांनी त्यांना डुकराच्या डोळ्यांची रचना समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, फडके सोडायला लावले, आणि पावतीवर लिहिले: रायफल एक, नळी रंगवलेली, नंबर बरोबर, सोबत नारिंगी कापड, लांबी अंदाजे दोन हात, मालकास परत.